भंगाराआधी एक फेरी

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. माझा रंग पांढरा आहे असं माझ्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे, आणि कागदपत्रांशी वाद घालायचं माझं वय राहिलेलं नाही. गेल्या महिन्यात मला पंधरा वर्षं पूर्ण झाली. मुलांना पंधरा पूर्ण झाली की क्लासला घालतात, गाड्यांना भंगारात घालतात. त्यामुळे सध्या माझा मुक्काम शहराबाहेरच्या एका भंगार केंद्रात आहे. माझ्या डाव्या बाजूला एक रुग्णवाहिका उभी आहे, तिला अजूनही वाटतं की आपल्याला घाई आहे. उजव्या बाजूला शाळेची बस आहे. ती कुणाशी बोलत नाही.

इथे येण्याआधी मला एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, मोकळ्या रस्त्यावर पळायचं. आणि सुयोग नावाच्या मुलाला मला पळवायचं होतं. ते कसं झालं, म्हणजे कसं झालं नाही, ते सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझ्या आणखी नऊशे बहिणी जन्मल्या, त्यामुळे कौतुक असं फार झालं नाही. चाचणीसाठी एका माणसाने मला आवारातल्या रस्त्यावर दोन मिनिटं जोरात पळवलं. ते माझं बालपण.

तिथून मी दिंडोशीला काशीराम परब यांच्या घरी आले. काशीरामकाका मरोळच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. त्यांच्या सहीशिवाय त्या कंपनीतून एक नटसुद्धा बाहेर गेला नाही. त्यांचे वडील गिरणीत होते आणि जन्मभर कामावर चालत गेले, त्यामुळे मी त्या घरातलं पहिलं इंजिन. पहिल्या दसऱ्याला मला झेंडूचे दोन हार घातले. प्रेमाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्या बॉनेटवर कुंकवाने एवढं मोठं स्वस्तिक काढलं की मकरसंक्रांतीपर्यंत ते निघालं नाही.

मित्रांनो, मला फार जपलं. सीटवरचं प्लास्टिक नऊ वर्षं काढलं नाही. उन्हाळ्यात माणूस सीटवरून उठला की पट्टी ओढून काढल्यासारखा आवाज व्हायचा, पण सीट नवीन राहिली. आणि काकांनी मला कधीही चाळीसच्या वर नेलं नाही. चाळीस हा त्यांचा वेग नव्हता, तत्त्व होतं. हायवेवर सिमेंटचे मिक्सर मला ओव्हरटेक करताना आत डोकावून बघायचे, कुणी आजारी आहे का म्हणून. एकदा गोरेगावात एका वरातीने मला मागे टाकलं. घोड्याने वळून पाहिलं. तो क्षण मी अजून विसरलेले नाही.

सुयोग हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मी आले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मागच्या सीटवर बसून तो तोंडाने ‘घ्रूंऽऽ’ करायचा. जो आवाज मी करायला हवा होता, तो माझ्या वतीने तो काढायचा. पुढे त्याने लायसन्स काढलं. लायसन्सला सहा वर्षं झाली तरी त्याला किल्ली मिळायची ती मला पुसण्यासाठी. क्वचित चालवायला मिळालीच, तर डाव्या सीटवर काका बसायचे, हँडब्रेकवर हात ठेवून.

मग काका रिटायर झाले, मेट्रो सुरू झाली, आणि मी बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये उभी राहिले. दोन वर्षं. माझ्या इंजिनावर एका मांजरीची दोन बाळंतपणं झाली. त्यांचं घर तळमजल्यावर, खिडकी बरोबर माझ्यासमोर. त्यामुळे माझं भवितव्य मी रोज संध्याकाळी चहाच्या वेळी ऐकायचे. पंधरा वर्षं पूर्ण होत आली होती. काका म्हणाले, “आता हिला भंगारात देऊन टाकू.” काकू म्हणाल्या, “द्या. पण आधी मागच्या काचेचे पडदे काढून घ्या, धुतलेले आहेत.”

त्याच संध्याकाळी सुयोग म्हणाला, “पप्पा, द्यायच्या आधी मी तिला ट्रॅक डेला नेतो.”

“म्हणजे कुठे?”

“घाटाच्या वर एक ट्रॅक आहे. आपापली गाडी घेऊन जायचं आणि पळवायची.”

“पळवून कुठे पोचायचं?”

“कुठेच नाही. गोल फिरून परत तिथेच.”

“मग जायचं कशाला?”

 याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण मला विचारलं नाही.

काकांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “नाहीतरी भंगारातच चाललीय. जा. पण मी येणार सोबत. गाडी माझ्या नावावर आहे.” मित्रांनो, पंधरा वर्षांत माझ्याबद्दल घेतला गेलेला हा पहिला धाडसी निर्णय, आणि तोसुद्धा मी मरणार आहे म्हणून.

ट्रॅकवाल्यांनी एक फॉर्म पाठवला. तो प्रिंट काढून, भरून, सही करून त्याचा फोटो परत पाठवायचा होता. सुयोगने तो प्रिंट काढला आणि काकांना दिला. त्या घरात सगळे फॉर्म काकाच भरतात. सुयोगच्या बालवाडीच्या प्रवेशापासून त्याच्या नोकरीपर्यंत, काळ्या बॉलपेनने, मोठ्या अक्षरांत, एकही खाडाखोड न करता. त्यांच्या फॉर्ममध्ये आजवर कुणाला चूक सापडलेली नाही. त्यामुळे तो भरून आल्यावर वाचायचा असतो, हे चोवीस वर्षांच्या सुयोगला माहीतच नव्हतं. त्याने फोटो काढला, पाठवला, आणि तयारीला लागला.

तयारी त्याने फार मन लावून केली. वळणावर मानेवर जोर येतो असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. म्हणून तो हेल्मेट घालून, हेल्मेटला प्रेमाकाकूंच्या ओढणीने पाण्याचा पाच लिटरचा कॅन बांधून, मान डावीकडे-उजवीकडे करायचा.

“मानेला काही झालं तर लग्न कसं जमेल रे तुझं?” काकू विचारायच्या.

“मम्मी, मान मजबूत होते याने.”

“मजबूत मान बघून कोण मुलगी देतं?”

हेल्मेटची सवय व्हावी म्हणून तो घरात हेल्मेट घालूनच टीव्ही बघायचा. काच वर करून वरणभात जेवायचा. एकदा त्याने तसंच जाऊन कुरियरवाल्याला दार उघडलं, तर तो पार्सल ठेवून सही न घेताच पळाला.

माझी तयारी मरोळ गावठाणातल्या अर्बनअंकलकडे झाली. सत्तरीचे मेकॅनिक. रविवारी सकाळी मिस्साहून आले की कपडे बदलून गाडीखाली जातात, कारण त्या दिवशी कुणी फोन करत नाही. उसन्या बॅटरीवर काका आणि सुयोग मला तिथे घेऊन गेले तेव्हा अंकलनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुयोगकडे.

“हिला पळवायचीय? हिला?”

“हो अंकल. हे स्टिकर कुठे लावू? दारावर की बॉनेटवर?”

“स्टिकर खिशात ठेव. ब्रेक ऑइल कधी बदललंस?”

सुयोगने स्टिकर खाली घेतलं. “बदलतात ते?”

अर्बनअंकलनी क्रॉसची खूण केली आणि माझ्याखाली गेले. निघालेलं ऑइल चहाच्या रंगाचं होतं, पण असा चहा नकोशा पाहुण्यालाही कुणी देत नाही. “अरे बाबा,” ते खालूनच ओरडले, “जोरात सारखे ब्रेक मारलेस ना, तर हे उकळलं असतं. मग पाय दाबत बसला असतास. ब्रेक काय लागला नसता.”

सलग दोन रविवार ते राबले. नवीन ऑइल, नवीन पॅड, चारही टायर, बॅटरी पट्ट्याने आवळलेली. वजन कमी करायला मागची सीट काढली, स्टेपनी काढली, जॅक काढला. सीटखाली सुयोगची चौथीतली भूगोलाची वही निघाली, आणि एक वाटाणा, जो बहुधा माझ्याही आधीचा होता. शेवटी अंकलनी ब्रेकवर पाय नुसता टेकवला आणि मी जागच्या जागी उभी. ते खूश झाले. “आता काय वाटेल ते होऊ दे, ही थांबणार.”

मित्रांनो, मी हलकी झाले होते. मागे काहीच नव्हतं. काच खाली केली की वारा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जायचा. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, जमेल.

ट्रॅक डेच्या दिवशी सकाळी सहा वाजता प्रेमाकाकू खाली आल्या आणि माझी मोकळी पाठ पाहून थबकल्या.

“अहो, गाडी रिकामी जातेय?”

“रिकामी नाही जात मम्मी, हलकी जातेय,” सुयोग म्हणाला.

“शेवंतीताई तिथूनच अर्ध्या तासावर राहतात. एवढी गाडी त्या बाजूला जाते आणि नणंदेला हात हलवत जायचं? लोक काय म्हणतील?”

कोकणातल्या माणसाची गाडी रिकामी कुठेच जात नाही. वीस किलो तांदूळ आले. सोलं, कुळथाचं पीठ आणि सुक्या बांगड्यांचं एक बोचकं आलं. भिंतीवरचं घड्याळ आलं. शेवटी काका आणि वरच्या मजल्यावरचा यज्ञेश यांनी मिळून पाटा-वरवंटा आणला. तो अकरा वर्षं शेवंतीआत्याला द्यायचा होता, पण तिकडे जाणारं कुणी मिळत नव्हतं. अर्बनअंकलनी माझ्यातून पस्तीस किलो काढले होते. काकूंनी सत्तर घातले.

सुयोग फुटपाथवर बसला. हेल्मेट घातलेलं होतं म्हणून तोंड दिसलं नाही.

मग गाऱ्हाणं. काकांनी माझ्यासमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि गावाकडच्या आवाजात सुरुवात केली.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा! ह्यो माझो झील आज गाडी घेऊन चललो हा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” काकू आणि यज्ञेश म्हणाले.

“त्येका सांभाळ, गाडयेक सांभाळ, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि गाडी चाळीसाच्या वर जाव देव नको, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यावेळी सगळ्यांत मोठा आवाज सुयोगचा होता. लहानपणापासून ते शब्द ऐकले की तोंडातून आपोआप ‘व्हय’ निघतं. म्हणून झाल्यावर त्याने स्वतःच्या हेल्मेटवर थाप मारली. पण देवाने ऐकलेलं होतं.

घाटात काका चालवत होते, तरी मी दोनदा तापले. एका वळणावर वरवंटा गडगडत जाऊन घड्याळावर बसला. घड्याळात साडेसात वाजले, ते अजूनही साडेसातच आहेत.

ट्रॅक पाहिला आणि मी सगळं विसरले. काळाभोर, गुळगुळीत, एकही खड्डा नाही. सिग्नल नाही, रिक्षा नाही, उलट्या बाजूने येणारा कुणी नाही. आजूबाजूला चकचकीत गाड्या, त्यांच्या शेजारी हत्यारांच्या लाल पेट्या. आमच्या शेजारी उतरवून ठेवलेले तांदूळ, बांगडे आणि पाटा.

गाड्या तपासायला अपूर्वा नावाची मुलगी आली. हातात यादी, गळ्यात शिटी.

“गाडीत सुटं काही ठेवायचं नाही. आणि हे खाली काय आहे?”

“पाटा-वरवंटा,” सुयोग म्हणाला.

“ट्रॅकवर कशाला?”

“आत्यासाठी.”

तिने ते कुठेही न लिहिता पुढचं तपासलं. टायर, बॅटरी, पट्टे. ब्रेकवर पाय ठेवून पाहिला आणि तिच्या भुवया वर गेल्या. “ब्रेक मस्त आहेत,” ती म्हणाली. मी पास झाले. मित्रांनो, पंधरा वर्षांत मी कुठल्याही परीक्षेला बसले नव्हते, आणि पहिल्याच परीक्षेत पास झाले.

“चला,” अपूर्वा यादी बघत म्हणाली, “काशीराम परब कोण? हेल्मेट घाला.”

“मी,” काका म्हणाले.

“मी चालवणारे,” सुयोग म्हणाला.

अपूर्वाने कागद पुढे केला. काळं बॉलपेन, मोठी अक्षरं, एकही खाडाखोड नाही. वाहनमालक: काशीराम धोंडू परब. चालक: काशीराम धोंडू परब. सोबत लायसन्सची झेरॉक्स, तीही त्यांचीच. सुयोगचं नाव एका जागी होतं, ‘सोबत येणारी व्यक्ती’.

“पप्पा, चालक म्हणून तुमचं नाव का लिहिलंत?”

“गाडी कोणाच्या नावावर आहे? मग तिथे दुसऱ्या कुणाचं नाव कसं चालेल? फॉर्म रिजेक्ट झाला असता.”

सुयोगने विनवणी केली, मग वाद घातला, मग परत विनवणी केली. अपूर्वाला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण ट्रॅकचा विमा चालकाच्या नावाने उतरवलेला होता आणि नाव बदलायची मुदत बुधवारी संपली होती. “ज्याचं नाव तोच चालवणार. नाहीतर गाडी बाहेर.”

काकांनी सुयोगकडे पाहिलं. मग त्याच्या हातातलं हेल्मेट घेतलं आणि डोक्यावर चढवलं. जरा तिरकं बसलं. “एवढ्या लांब आलोय,” ते म्हणाले, “फुकट कशाला घालवायचं?”

वीस मिनिटांची पहिली पाळी. मी ट्रॅकवर आले, मित्रांनो. चाळीसने. काकांनी प्रत्येक वळणाला सिग्नल दिला. सरळ रस्त्यावर समोर कुणीही नसताना दोनदा हॉर्न वाजवला. बाजूने गाड्या अशा जात होत्या की मला त्यांचे रंगच दिसत होते, आकार नाही. एका माणसाने आम्हाला निळा झेंडा दाखवला, म्हणजे मागच्यांना वाट द्या. काकांनी त्याच्यापाशी गाडी थांबवली, काच खाली केली आणि विचारलं, “काय झालं? पुढे बंद आहे का?”

वीस मिनिटांत आमच्या तीन फेऱ्या झाल्या. बाकीच्यांच्या नऊ. सुयोग कठड्याला धरून उभा होता. दर वेळी मी समोरून जायचे तेव्हा त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. मला तो दिसत होता. मला काही करता येत नव्हतं. मी गाडी आहे, पाय त्यांचा होता.

आत आल्यावर त्याने विचारलं, “कशी चालली?”

“ब्रेक चांगले लागतात,” काका म्हणाले.

दुसऱ्या आणि शेवटच्या पाळीत सोबतच्या माणसाला बसता येत होतं. अपूर्वाने एक जादा हेल्मेट आणून दिलं. सुयोग डाव्या सीटवर बसला. त्याने हँडब्रेकला हात लावला नाही.

पहिली फेरी चाळीसनेच झाली. दुसऱ्या फेरीत तो हळूच म्हणाला, “पप्पा, वळणाआधी बाहेरच्या बाजूला राहा. मग आत या. मग परत बाहेर.”

“लेन सोडायची?”

“इथे लेनच नाहीये.”

काकांनी खाली पाहिलं. खरंच नव्हती. ते बाहेर राहिले, आत आले, परत बाहेर गेले. मी त्या वळणातून पाण्यासारखी गेले. काकांनाही ते कळलं. “आयला,” ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

“आता सरळ रस्ता आहे. सोडा पप्पा. पाय सोडू नका, पाय दाबा. चौथा टाका. आता पाचवा.”

पाचवा गिअर पडला. तो नवा कोराच होता, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशीसारखा. साठ. सत्तर. खिडकीतून वारा आला. मी तो आवाज काढला, मित्रांनो, जो सुयोग नऊ वर्षांचा असताना काढायचा. ऐंशी. नव्वद. काका हसत होते की ओरडत होते ते सांगता येत नाही, दोन्हीचं तोंड एकच असतं. असं साधारण चार सेकंद चाललं.

मग समोर वळण आलं.

“आता हलकेच ब्रेक, हलकेच...” सुयोग म्हणाला.

काकांनी दोन्ही पायांनी ब्रेक मारला. जुने ब्रेक असते तर चाकं फिरत राहिली असती आणि मी वळले असते. पण अर्बनअंकलनी सांगितलंच होतं, ही थांबणार. चारही चाकं जागच्या जागी थांबली. मी मात्र थांबले नाही. वळण डावीकडे गेलं आणि मी सरळ वाळूत गेले. रेडिएटर फुटला, खालचं काहीतरी तुटलं, आणि इंजिन एकदाच खोकून बंद पडलं.

हळूहळू धूळ खाली बसली. काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. डावीकडचा सिग्नल लुकलुकत होता.

“पप्पा, लागलं का?”

“नाही. तुला?”

“नाही.”

थोड्या वेळाने काकांनी विचारलं, “किती होता रे?”

“ब्याण्णव.”

काकांनी डावीकडचा सिग्नल बंद केला. “मम्मीला चाळीस सांग,” ते म्हणाले. मग आणखी थोड्या वेळाने, “तुझी फेरी मीच खाल्ली रे.”

सुयोगने स्वतःचा पट्टा सोडला, मग काकांचा सोडला.

ट्रॅकवाल्यांचा ट्रॅक्टर आला. मला दोरी बांधली. ओढताना गाडीच्या स्टिअरिंगवर कुणीतरी बसावं लागतं, नाहीतर ती भरकटते. काकांना पाणी देऊन अपूर्वाच्या जीपमध्ये बसवलं. ट्रॅक्टरवाल्याने हात केला, “कोण बसतंय?” तिथे त्याने नाव विचारलं नाही, फॉर्म बघितला नाही. इंजिन बंद असलेल्या गाडीचा विमा कुणी उतरवत नाही.

सुयोग उजव्या सीटवर बसला. आरसे नीट केले. पट्टा लावला. काच खाली केली. ट्रॅक रिकामा होता. ट्रॅक्टर ताशी दहाने निघाला.

अर्धी फेरी बाकी होती. त्या अर्ध्या फेरीत चार वळणं होती. प्रत्येक वळणाला सुयोग आधी बाहेर राहिला, मग आत आला, मग परत बाहेर गेला, दोरी जेवढी जाऊ देईल तेवढा. सरळ रस्त्यावर त्याने गिअर टाकले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. कशालाच काही जोडलेलं नव्हतं. शेवटच्या वळणाला तो तोंडाने हलकेच ‘घ्रूंऽऽ’ करायला लागला, मग मध्येच थांबला. हेल्मेटच्या आत काय चाललं होतं ते मला दिसलं नाही, पण स्टिअरिंगवर दोन थेंब पडले, आणि ते रेडिएटरचे नव्हते.

तिथून मी ट्रकवर चढले ती थेट इथे आले. उद्या माझा नंबर आहे असं ऐकते.

मित्रांनो, असल्या गोष्टीच्या शेवटी ‘गाडी जपा’ असं सांगायची पद्धत आहे. मी ते सांगणार नाही. मला पंधरा वर्षं जपलं. सुयोगला चोवीस वर्षं जपलं. आम्हाला इतकं जपलं की आम्ही दोघंही नवे कोरेच निकामी झालो. तुमच्या घरी एखादी जुनी गाडी असेल, आणि खिडकीतून तिच्याकडे बघणारं कुणी असेल, तर ऑइल वेळेवर बदला आणि किल्ली त्याच्या हातात द्या. एवढंच बघा, की तेव्हा इंजिन चालू असेल.